मागची सीट

४ नोव्हेंबर, मंगळवार

नोकरी सोडली! जूनमध्ये! आणि मला आज कळतंय — तेही चिरंजीवांच्या हाताला लागलेल्या साबणावरून!

माझ्या घरी न्हाणीघराची फरशी उखडलीय. गवंडी म्हणतो महिना तरी लागेल. म्हणून बॅग भरून मुलाकडे आले. भर कामाच्या दिवशी घरात कोण असणार? किल्ली शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे असेल असं धरून चालले होते. बेल दाबली ती नुसती सवयीने. दार उघडलं चिरंजीवांनी. कमरेला टॉवेल खोचलेला, कोपरापर्यंत फेस.

म्हटलं, आज रजा? म्हणाला, "नाही. आत ये, बॅग दे."

लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत देखभाल विभागाचा प्रमुख होता हा. अर्ध्या शहरातल्या लिफ्ट याच्या शब्दावर वरखाली व्हायच्या. तो माणूस माझ्यासमोर बसून शाळेच्या गणवेशाची कॉलर ब्रशने घासत होता. मी विचारलं, काढून टाकलं का? तर शांतपणे म्हणाला, मीच सोडली. घरी कुणीतरी हवं होतं. सूनबाई रक्तपेढीची प्रमुख, तिला मध्येच बोलावणी येतात, तिने नोकरी सोडून चालणार नव्हतं.

अरे पण मुलं आता मोठी झाली! तान्ही होती तेव्हा दोघंही धावत होता, तेव्हा निभावलंत. आता थोरली बारा वर्षांची, धाकटा आठ. दिवसभर शाळेत असतात. रिकाम्या घराची राखण करतोस का?

दर रविवारी फोनवर विचारत होते, काम कसं चाललंय. "जोरात" म्हणायचा. दर रविवारी!

मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. "तू भाषण केलं असतंस" म्हणाला.

केलंच मग. चहा होऊन गार होईपर्यंत.

५ नोव्हेंबर, बुधवार

माझी मलाच गंमत वाटते. नाही, गंमत नाही — धक्काच. घरकामाला लिंग नसतं, हे वाक्य मी किती व्यासपीठांवरून फेकलं असेल! कारखान्यांत पाळणाघरं व्हावीत म्हणून मोर्चे काढले. पुरुषांनी कमरेला पदर खोचावा, असं म्हणून टाळ्या घेतल्या. आज माझ्याच पोटच्या पोराने तसं केलं, तर मी चहा गार होईपर्यंत त्याला सुनावलं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान. एवढी पुस्तकं वाचली, ती काय कपाटाला वजन असावं म्हणून?

सूनबाई उशिरा आली. जेवताना मी पुन्हा विषय काढला. तिने ऐकून घेतलं. ती माझ्यासारखी नाही, तोलून बोलते. मग म्हणाली, "आई, मी सोडली असती तर तुम्हाला राग आला असता. त्याने सोडली तर तुम्हाला लाज वाटतेय. दोन्ही वेळा चूक आमचीच कशी?"

मी आमटीचं भांडं उगाच तिच्याकडे सरकवलं.

पुढे एवढंच म्हणाली, की तान्ह्या मुलाला सांभाळणारी बाई पैसे टाकले की मिळते, पण बारा वर्षांच्या मुलीचं ऐकून घेणारं माणूस कुठे मिळतं ते सांगा. मग फोन वाजला आणि ती उठून गेली. कुठल्यातरी इस्पितळाला रक्त हवं होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हा करतो काय दिवसभर, ते दोन दिवस ठरवून पाहिलं. टिपण काढायची माझी जुनी खोड. पण टिपण काढायला बसायलाच मिळालं नाही! डबे, कपडे, धाकट्याचा दात हलतोय त्याचा दवाखाना — एवढं समजू शकते. पण बाकीचं? दिवाणखान्याच्या दाराशी अख्ख्या इमारतीची पार्सलं. भिंतीवरच्या खिळ्यांना कुणाकुणाच्या चाव्या. तिसऱ्या मजल्यावरचा नळवाला येणार, तर दार उघडायला हा. पोस्टमास्तरांचं पेन्शनचं काम, तर सोबतीला हा. इमारतीची लिफ्ट अडकली, तर दुरुस्तीवाल्याला कुणी फोनसुद्धा केला नाही. याच्याच दाराची बेल! "तुम्ही घरीच असता ना." हे एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आता मला ते झोपेत ऐकू येईल.

ज्या कामाचा कंपनी पगार देत होती, तेच काम आता फुकट. आणि वर दयाही याच्यावरच!

दुपारी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरची शिवणवाली भेटली. हळू आवाजात, आजाऱ्याची चौकशी करावी तशी विचारते, "मुलाचं कुठे जमतंय का हो? पुरुषमाणूस किती दिवस असा बसणार?" मग आणखी हळू, "तुमची सून मोठ्या मनाची आहे."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. बसतो म्हणजे काय, कोण बसलंय, तुमच्या घरच्या चाव्या कोणाच्या खिळ्याला आहेत — तिचा मजला आला तरी मी दार उघडं ठेवायचं बटण बोटाने दाबून धरलं होतं. बिचारी पिशवी छातीशी धरून उभी. लिफ्ट केकाटायला लागली तेव्हा सोडलं.

वर आले आणि पाण्याचा ग्लास हातात तसाच राहिला. मंगळवारी मी त्याला काय म्हणाले होते? रिकाम्या घराची राखण! शिवणवालीने निदान आवाज खाली ठेवला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

माझा धाकटा भाऊ जेवायला आला होता. मुलांचा लाडका मामाआजोबा. विनोदी माणूस. पण विनोदी माणसाला कुणी थांबवत नाही, हीच पंचाईत. आल्या आल्या भाच्याच्या पाठीवर थाप, काय रे, भांडी झाली का घासून? मग जेवणभर तेच. गोल गोल पोळी लाटतोस की नकाशे काढतोस. बायको पगार हातात देते की उशीखाली ठेवते. चिरंजीव हसत होता, वाढत होता. सूनबाई ताटाकडे बघत होती. मी? मीही हसले एका जागी. लिहून ठेवते, हसले.

मग भाऊ थोरलीकडे वळला. "शाळेत विचारतात ना, बाबा काय करतात? काय सांगतेस? गृहमंत्री?"

ती उठली. ताट उचललं, बेसिनमध्ये ठेवलं, हात धुतले आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"पोरगी मनाला लावून घेते," भाऊ म्हणाला. चिरंजीवाने त्याला आणखी भात वाढला.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज ते कळलं, जे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी थोरलीबद्दल बोलत होते. काल अशी उठून का गेली, जरा कणखर व्हायला नको का, वगैरे. चिरंजीव इस्त्री करत होता. इस्त्री उभी ठेवली आणि सांगितलं. मागच्या वर्षी तिची शाळा सुटल्यात जमा होती. जुन्या शाळेत मुलींनी तिला वाळीत टाकलं होतं. बोलायच्या नाहीत, बाकावर शेजारी बसायच्या नाहीत. रोज सकाळी बूट घातले की हिला उलटी. आधी पोटाचे डॉक्टर झाले, मग दुसरे. शेवटी हा कंपनीतून निघून शाळेसमोरच्या बाकावर जाऊन बसायला लागला, वर्गाच्या खिडकीतून दिसेल असा. तो दिसला की ती आत टिकायची. साहेबाने दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा याने राजीनामाच दिला.

जूनपासून नवी शाळा. लांब आहे, पण तिथे हिला मैत्रिणी मिळाल्या. आता सकाळी उलटी होत नाही.

"जेवायला लागलीय आई," म्हणाला. बस्स, एवढंच. आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागला.

माझ्या नातीला वर्षभर रोज उलट्या होत होत्या, आणि मी गावोगाव बालकांच्या हक्कांवर बोलत होते! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो एवढा?

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं आजच लिहिते.

चिरंजीवाने आज दाढ काढली. गाल सुजलेला, गाडी चालवू नकोस म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. धाकट्याची शाळा रस्त्यापलीकडेच, तो चालत येतो. थोरलीला आणायला मी रिक्षाने गेले. हा नको नको म्हणत होता, तिला रिक्षाने एकटीला येऊ दे म्हणत होता. मला वाटलं, दुखण्याने चिडचिड करतोय.

मोठं लोखंडी गेट. समोर गाड्यांची रांग, भिंतीच्या कडेला चालकांचा घोळका. शाळा सुटली. थोरली एका लांब वेणीच्या मुलीबरोबर हसत हसत बाहेर आली. हसत! मला पाहिलं आणि हसू पुसलं गेलं. लांब वेणीने नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, आज तुमचा ड्रायव्हर नाही आला?"

मी म्हटलं, कोण ड्रायव्हर? थोरलीने माझा हात पकडला. नखं रुतली.

तेवढ्यात वेणीची आई गाडीतून उतरून आली. तिने मला लगेच ओळखलं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तुमचं भाषण कॉलेजात ऐकलं होतं, त्याच्या जोरावर मी लग्नानंतर नोकरी टिकवली, असं म्हणत तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरून आले होते तिचे. खरं बोलत होती. आणि त्याच श्वासात म्हणाली, "तुमचा ड्रायव्हर फार सज्जन आहे हो. मुलीला किती जपतो. आमचा आपला सारखा फोनवर. ओळखीतला आहे का?"

ओळखीतला आहे का!

आयुष्यात मला कधी शब्द कमी पडला नाही. पोलिसांपुढे नाही, मालकांपुढे नाही, चालू सभेत कुणी खुर्ची भिरकावली तेव्हाही नाही. आज दातखीळ बसली. मी मान हलवली. कशी हलवली — होकाराची की नकाराची — मलाच माहीत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर! कुणीतरी आत कळवलं असणार, मुख्याध्यापिका लगबगीने बाहेर आल्या. बावीस तारखेला बक्षीस समारंभ आहे, पाहुणे ऐनवेळी रद्द झालेत, तुम्ही प्रमुख पाहुण्या म्हणून याच. विषय — श्रमाची प्रतिष्ठा! मी हो म्हणून बसले.

रिक्षात थोरली बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मीच सांगितलं सगळ्यांना. बाबाला माहीत आहे. तू त्याला रागवू नकोस आणि मलाही काही विचारू नकोस."

मी विचारलं नाही. घर येईपर्यंत रिक्षावाल्याला वळणं सांगत राहिले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रात्रभर एकच प्रश्न डोक्यात — पोरीला बापाची लाज वाटते, आणि बापाला ते ठाऊक आहे?

आज मुद्दाम त्याच्याबरोबर गाडीत बसले. गाल अजून सुजलेला, पण ऐकेना. म्हणाला, येतेस तर ये, पण उतरू नकोस. मी मागच्या सीटवर.

गाडी लावून हा खाली उतरला आणि भिंतीकडच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्या माणसांनी सरकून जागा दिली. एकाने गालाची चौकशी केली, दुसऱ्याने लवंग काढून दिली. हा त्यांच्यातलाच एक! शाळा सुटताच गाडीपाशी आला. मागचं दार उघडून धरलं. थोरली दप्तरासकट आत, माझ्या शेजारी. एक शब्द नाही. याने दार लावलं, पुढे जाऊन बसला.

पुढच्या चौकापर्यंत शांतता. चौक ओलांडून औषधांच्या दुकानापाशी गाडी थांबली. थोरली उतरली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. रोजचं असणार, कारण दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. पट्टा लावता लावता हा म्हणाला, "बोल."

आणि मग जी सुटली! विज्ञानाच्या बाई कशा शिंकल्या, वेणीने डब्यात काय आणलं, खो-खोत कोण रडलं, कुणाचं कुणाशी बिनसलं. घर येईपर्यंत तोंडाला खंड नाही. हा मध्ये मध्ये "मग?" म्हणायचा. "मग?" आणि "खरंच?" एवढंच. सगळ्यांची नावं याला पाठ. परवा कोण रडलं होतं तेही.

मी मागे बसून होते. मला त्यातलं कुणीच माहीत नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

राहवलं नाही. मुलं खेळायला गेल्यावर विचारलंच. तो बाल्कनीतले कपडे काढत होता.

"ती शाळेत काय सांगते, माहीत आहे तुला?"

कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. लहानपणी व्हायच्या तशा. हातातल्या शर्टाची घडी केली, मग म्हणाला, "माहीत आहे."

"आणि तू दार उघडून धरतोस?"

"धरतो."

मी जे बोलायचं ते बोलले. स्वाभिमान, संस्कार, खोट्याचा पाया. मुलं आईबापांना तोलायला लागली तर समाज कुठे जाईल. बावीस तारखेला व्यासपीठावरून मी हे सगळं साफ करणार आहे, तुला वर बोलावणार आहे, सगळ्यांसमोर सांगणार आहे की हा माझा मुलगा. मान खाली घालायची ती बघणाऱ्यांनी, आपण नाही!

कपड्यांची चळत त्याच्या हातात तशीच राहिली. माझ्याकडे पाहिलं — मला वाटलं, रागावतोय. रागावला नव्हता. घाबरला होता. चाळिशी ओलांडलेला माझा मुलगा मला घाबरून बघत होता.

"आई, तिची चूक नाही," म्हणाला. "तिला काही बोलू नकोस. तिला तिथे रोज आत जायचंय, दिवसभर राहायचंय. त्या मुलींशी परत काही बिनसलं तर ती पुन्हा बूट घालणार नाही. मला काय, गेटपर्यंतच जायचंय."

मग म्हणाला, एकदा तरी भाषण करू नकोस. शांतपणे म्हणाला. विनवणीच होती.

सूनबाईला हे माहीत आहे का, विचारायचं धाडस झालं नाही. पालकसभेला रजा काढून तीच का जाते, ते मात्र आता कळलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

भाषण लिहितेय. एक मिळमिळीत. एक खरं.

खरं बोलायला कुणाची परवानगी कशाला? उद्या ती पोरगी मोठी होईल आणि विचारेल, तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत होतं, मग बोलली का नाहीस? लाज ही शिकवलेली असते, तशीच ती उतरवताही येते. भर सभेत, एका घावात! मी माणसांना रडताना, उठून उभं राहताना पाहिलंय. ती वेणीची आईच सांगत होती ना!

पण बूट घातल्यावर उलटी.

दोन्ही कागद उशाशी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शिवणवाली आज धाकट्याची फाटलेली चड्डी शिवून देऊन गेली. पैसे घेतले नाहीत. जाताना चिरंजीवाला म्हणाली, सकाळी माझा गॅस येणार आहे तेवढा घे बाबा, तू घरीच असतोस. मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

प्रगती आहे!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

थोरली खोलीत आली. पलंगाच्या कडेवर बसली, चादरीचा दोरा ओढत राहिली. मग विचारलं, "आजी, उद्या बाबाबद्दल काही आहे का?"

मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. खोटं बोलवेना.

"माझ्याबद्दल बोल हवं तर," म्हणाली. "मी खोटं बोलते असं सांग. पण बाबाबद्दल नको."

काय म्हणायचं या पोरीला! स्वतःची फजिती चालेल, पण बाप कोण ते कळायला नको. एवढी लाज? बारा वर्षांच्या जिवात एवढी लाज मावते कशी? मी जवळ घेतलं, पण मन आत घट्ट झालं होतं. आंघोळीला गेली तेव्हा खरा कागद पर्समध्ये ठेवला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

समारंभ झाला. आल्यापासून खोलीचं दार लावून बसलेय.

सूनबाईला रक्तदान शिबिर होतं, धाकटा पोस्टमास्तरांकडे. गाडीत आम्ही तिघंच. गेटपाशी मुख्याध्यापिका गुच्छ घेऊन उभ्या, मागे शिक्षिका, बँडची मुलं. गाडी थांबली. चिरंजीव उतरला, वळसा घालून आला आणि माझ्या बाजूचं दार उघडून धरलं. स्वच्छ पांढरा शर्ट. नजर जमिनीवर.

मी उतरले. माझ्या मुलाने धरलेल्या दारातून मी पाहुण्यांसारखी उतरले आणि त्याच्याकडे न बघता पुढे गेले! "गाडी मागच्या बाजूला लावायला सांगा," कुणीतरी म्हणालं. मला सांगावं लागलं नाही. तो निघालाच होता.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव खुर्च्या, रिकाम्या. मी बोलायला उभी राहिले तेव्हा पर्समधला कागद हातात होता. सुरुवात झकास झाली. श्रम म्हणजे काय, घाम कुणाचा दिसतो आणि कुणाचा दिसत नाही. टाळ्या आल्या, त्या जागी यायलाच हव्या होत्या. मग ती जागा आली. "या सभागृहाबाहेर एक माणूस उभा आहे" — हे वाक्य पुढचं होतं. ओठावर होतं.

थोरली तिसऱ्या रांगेत होती, वेणीच्या शेजारी. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मान मागे वळवून ती शेवटच्या दाराकडे बघत होती. तिथे चार-पाच चालक डोकावत उभे होते. त्यांत चिरंजीव. आणि तिचा चेहरा — तो मी कधी पाहिलेला नाही. लहान मूल रस्ता ओलांडत असताना आईचा होतो, तसा.

मी पाणी प्यायले. ते वाक्य गिळलं आणि दुसरं काहीतरी बोलले. घरी राहून मुलं वाढवणाऱ्यांना, दिवसभर काय करता, असं विचारू नका, एवढं मात्र म्हणाले. त्यांच्या घरी जाऊन एक दिवस नुसते मागे बसा आणि ऐका. लोकांना फारसं कळलं नसावं. तरी टाळ्या वाजवल्या.

नंतर चहाच्या वेळी वेणीची आई आली. भारावलेली. म्हणाली, "तुमचा ड्रायव्हरसुद्धा दारात उभा राहून ऐकत होता. डोळे पुसत होता. तुमचे शब्द थेट पोचतात हो, अगदी साध्या माणसापर्यंत."

मी "हो" म्हणाले.

माझ्या तोंडाने! मान हलवली नाही, स्पष्ट "हो" म्हणाले. उभ्या आयुष्यातलं माझं सगळ्यात लहान भाषण.

परतताना औषधांच्या दुकानापाशी गाडी थांबली. थोरली पुढे गेली. "बोल," तो म्हणाला. आज ती काही बोलली नाही. तिने त्याच्या बाहीवरची घडी नीट केली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी थोरली आली आणि दार लोटून उभी राहिली. मला वाटलं, काल गप्प बसले म्हणून आभार मानायला आली असेल.

म्हणाली, "आजी, ड्रायव्हर मी नाही सांगितलं. मी तुझ्याशी खोटं बोलले."

शाळेचा पहिला दिवस. वेणीच्या आईने दप्तरावरचं आडनाव वाचलं आणि आनंदाने त्याला विचारलं — तुम्ही त्या बाईंचे चिरंजीव का? तुम्ही काय करता?

तो म्हणाला, नाही हो, मी त्यांचा ड्रायव्हर.

"मी बाजूलाच होते," थोरली म्हणाली. "मग मी मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले."